गाडीला घाम फुटेना

कास्मुरीला जन्मभर एकाच गोष्टीचं नवल वाटत आलं, ते म्हणजे गारव्याचं. जावाच्या किनाऱ्यावरच्या रेंबांगसारख्या गावात राहून असलं नवल बाळगणारा माणूस एकतर वेडा तरी असतो, नाहीतर गाड्यांच्या एसीचा मिस्त्री तरी. लोकांच्या मते कास्मुरी दोन्ही होता.

त्याचा बाप मिठागरावर मजुरी करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचा काळा सदरा पाठीवर पांढराफटक झालेला असायचा. हे मीठ समुद्राचं की बाबांच्या घामाचं, असं कास्मुरीने लहानपणी आईला विचारलं होतं. सदरा बादलीत बुचकळत ती म्हणाली होती, तुला वेगळं करता आलं तर मलाही सांग. मिठागरावर सावली म्हणून नसते. पाय चिरतात, डोळे चुरचुरतात, आणि ऊन वरूनही येतं नि खालूनही. कास्मुरीचा जन्मही त्यातच गेला असता. पण मिसरूड फुटायच्या सुमाराला त्याला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलायचं काम मिळालं, आणि पहिल्याच दिवशी त्याचं डोकं फिरलं.

माणसाच्या उंचीची लादी साच्यातून सुटून फळीवर घसरत आली आणि तिच्यातून धूर निघत होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत हे. कास्मुरीने लादीला गाल लावला. मग यास्मान नावाचा म्हातारा यंत्रावर असायचा, त्याला जाऊन विचारलं की हा गारवा तुम्ही आणता कुठून. म्हातारा हसला नाही. त्याने पोराचं मनगट धरलं, कारखान्याच्या मागे नेलं आणि त्याचा हात एका पाइपाजवळ धरला. पाइप चटका बसेल इतका तापला होता.

"गार असं जगात काही नसतं, पोरा," यास्मान म्हणाला. "आम्ही पाण्यातली ऊब काढतो आणि इथनं बाहेर हाकलतो. ऊब गेली की उरेल त्याला माणसं गार म्हणतात."

त्या दिवशी कास्मुरीला जेवण गेलं नाही. देवाने एवढी मोठी गोष्ट एका पाइपात ठेवली आणि गावातले लोक खुशाल कॉफीच्या टपरीत बसून कपातला गाळ चवीसाठी सिगारेटला चोपडत बसलेत, याचंच त्याला आश्चर्य वाटत राहिलं.

पुढे तो गाड्यांच्या एसीचं काम शिकला, लग्न केलं, हमरस्त्याला पत्र्याची शेड टाकली. पण ते नवल काही गेलं नाही. कोणतीही गाडी आली की आधी इंजिन चालू करायचा, झाकण उघडायचा, डोळे मिटायचा आणि कॉम्प्रेसरचे दोन पाइप दोन मुठींत धरायचा. एक तापलेला, एक थंडगार. यंत्र ठीक असेल तर दोन्ही हातांना ते कळायचं. नसेल तर कोणता हात फसवतोय तेही कळायचं. घड्याळाच्या तबकड्यांसारखी दाब मोजायची साधनं त्याच्याकडे होती आणि तो ती लावायचाही, पण मागाहून. मुठी धरल्या धरल्या तो तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचा आणि जरा जास्तच वेळ तसा उभा राहायचा. त्याची बायको रास्मानी चहा घेऊन आली की म्हणायची, माझा हात कधी एवढा वेळ धरला नाहीत.

एका बाबतीत मात्र कास्मुरी तापट होता. एसी गार करेना झाला की रेंबांगातला प्रत्येक जण एकच सांगत यायचा: गॅस संपला, भरा. पंखा बंद असो, जाळी तुंबलेली असो, पट्टा तुटलेला असो, गॅस भरा. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. मग कास्मुरी ओरडायचा की गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे जळून जायला? तो बिचारा आतल्या आत गोल फिरतो, आतून ऊब उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, पुन्हा आत येतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक नसेल तर गॅसच्या नावाने बोंबलू नका. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा गॅस भरायलाच यायचे.

पार्जोनो आला तो मात्र गॅसचं नाव न घेता. हा माणूस गावात नारळाचा व्यापार करायचा. जुनी सात जणांची गाडी होती, आणि तक्रार अशी की एसी निघताना उत्तम चालतो, पण शेजारच्या पाती शहराच्या रस्त्याला लागून बराच वेळ झाला की गार वारा कमी कमी होत जातो आणि शेवटी बंदच पडतो. गाडी थांबवून तासभर उभी ठेवली की पुन्हा जसाच्या तसा. कास्मुरीने सगळं तपासलं. दोन्ही मुठी बरोबर, दोन्ही काटे बरोबर, साबणाचा फेस लावून पाहिला तर कुठे बुडबुडा नाही, पुढचा पंखा फिरतोय, पट्टा ताणलेला. आत बसून पाहिलं तर नाकाचा शेंडा गारठला. डॉक्टरसमोर नेलं की पोराचा खोकला थांबतो, तसली गत. त्याने जाळी धुऊन दिली आणि गाडी परत पाठवली.

थोड्या दिवसांनी पार्जोनो पुन्हा आला. आता कास्मुरीला शंका आली की कॉम्प्रेसरला जोडणारं चुंबक तापल्यावर सुटत असावं. तेही बदललं. एवढ्यावर न थांबता स्वतः गाडी घेऊन भर उन्हात पातीपर्यंत गेला आणि परत आला. ब्लोअर पूर्ण सोडलेला, वारा छातीवर, आणि संपूर्ण वाटेत एसी एकदाही रुसला नाही. घरी येऊन त्याने रास्मानीला छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडी आता खणखणीत झाली.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा पार्जोनो एकटा नव्हता. पुढच्या सीटवरून एक लहानशी मुलगी उतरली आणि मागून तिची आजी. मुलीचे केस मऊ आणि विरळ होते, दात टोकदार आणि लांब लांब, आणि भर दुपारी तिच्या अंगात भिजवलेला बनियन होता. आजीचा तळहात मुलीच्या मानेवर होता आणि तो तिथून हलत नव्हता.

कास्मुरीच्या कपाळावरून घाम नाकावर येऊन ठिबकत होता. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मला घाम येत नाही," ती म्हणाली. "जन्मापासून. तुम्हाला एवढा येतोय तर थोडा मला द्या ना."

कास्मुरीला वाटलं पोर चेष्टा करतेय. मग पार्जोनोने सांगितलं. त्याची ही मुलगी वेनिंग, तिच्या कातडीत घामाची छिद्रंच नाहीत. इतरांना ऊन लागलं की घाम येतो आणि अंग निवतं. हिची ऊब आतच साठत जाते आणि ताप चढतो. म्हणून गावातली शाळा सोडून तिला पातीच्या शाळेत घातलं, तिथे वर्गाला एसी आहे. घरी एक खोली गार, शाळेत एक खोली गार, आणि मधला सगळा रस्ता म्हणजे ही गाडी. परवा वाटेतल्या जुवानाच्या पुलावर ट्रकांची रांग लागली आणि त्यातच एसी मेला. खिडक्या उघडल्या तर आगच आत आली. वेनिंगचा चेहरा लालबुंद झाला, डोळे फिरायला लागले. शेवटी आजी तिला उचलून रस्त्याकडेच्या मशिदीत धावली आणि हातपाय धुवायच्या नळाखाली कपड्यांसकट बसवलं, तेव्हा कुठे पोर शुद्धीवर आली.

कास्मुरीने कपाळावरचा घाम पुसला आणि ओल्या तळहाताकडे बघितलं. ज्या गोष्टीचं तो गेली इतकी वर्षं नवल करत होता, ती दोन पाइप, एक पंखा आणि एवढं मोठं यंत्र लावून माणसाने कशीबशी जमवली होती. आणि देवाने तीच गोष्ट प्रत्येकाच्या कातडीत फुकट घालून ठेवली होती. बाप मिठागरावर उभा राहू शकला तो या घामामुळे, हे त्याला आज, केस पिकल्यावर, एका लहान पोरीकडे बघून कळत होतं.

"या महिन्यानंतर हिला वोनोसोबोला सोडणार आहे," पार्जोनो खाली बघत म्हणाला. "बायकोची बहीण असते तिथे, डोंगरावर. बायको तैवानात कामाला आहे, तिलाही कळवलंय. इथे गाडीचा भरवसा नाही, आणि गाडीशिवाय हिला वाढवायची कशी?"

आजीने मान वर केली नाही. तिचं नाव कार्सिना. सगळं गाव तिला म्बाह कार्सिना म्हणायचं, म्बाह म्हणजे आजीच. आई परदेशी गेली तेव्हा वेनिंग रांगतही नव्हती. त्या दिवसापासून ही म्हातारी रात्रीदेखील तळहात पोरीच्या मानेवर ठेवून झोपायची. मान तापली की उठायची, फडकं भिजवायची, पुन्हा हात ठेवायची. कास्मुरी तिच्या हाताकडे बघत होता. आपण पाइप धरतो ते अगदी असंच, हे त्याच्या ध्यानात आलं. फरक इतकाच, की त्याला चुकायची मुभा होती.

"म्बाह, उद्या शाळेला सुट्टी आहे ना?" त्याने विचारलं. "रोज जसे जाता तसेच चला. ज्याने त्याने आपापल्या जागेवर बसायचं, काही म्हणजे काही वेगळं करायचं नाही. मी मागे बसेन."

"दोनदा म्हणालास की गाडी ठीक आहे," म्हातारी पहिल्यांदाच बोलली. "आता तिसऱ्यांदा काय, गाडीला ओवाळणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी येताना कास्मुरीने बर्फाच्या कारखान्यातून थर्माकोलची पेटी भरून आणली, आणि वेनिंगच्या पायाशी ठेवली. एसी मेलाच तर पोरीचा जीव टांगणीला लागायला नको.

सगळे बसले. पार्जोनो स्टिअरिंगवर, त्याच्या शेजारी वेनिंग, तिच्या मागे म्बाह, म्हातारीच्या शेजारी कास्मुरी. निघायच्या आधी म्बाहने दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकून आपलं रोजचं काम केलं. एसीचं थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ब्लोअर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणला. मग बाटिकचं जुनं लुगडं चौघडी करून वेनिंगच्या समोरच्या दोन झरोक्यांवर घातलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी गच्च लावून टाकलं.

कास्मुरीने ते पाहिलं, आणि त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट त्याने बसल्या जागी आपल्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मराठीत अंगात वारं शिरलं की वासरू उधळतं. जावात अंगात वारा शिरला की माणूस आडवा होतो. डोकं दुखो, पोट फुगो, सांधे धरोत, कारण एकच: वारा शिरला. मग पाठीला बाम चोळून नाण्याने लाल रेघा उमटेपर्यंत घासायचं. उन्हाने माणूस करपत असतानासुद्धा स्कूटरवर जाडजूड जाकीट घालून निघतात ते याच भीतीने. थंड हवं, पण वारा नको. कास्मुरीच्या आईने त्याला असंच वाढवलं होतं, रास्मानीनेही पोरांना असंच वाढवलं. त्यामुळे गाडीत जे घडलं ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलं आणि त्याला दिसलं नाही. गाडी दुरुस्तीला आणायची म्हटली की पार्जोनो ते लुगडं काढून घडी घालून ठेवायचा, पाहुण्यांच्या घरी जाताना पोरांचं नाक पुसावं तसं. त्यामुळे शेडमध्ये ते कधी आलंच नव्हतं.

आधी सगळं छान चाललं. लुगड्याच्या कडेने गारवा झिरपत होता, वेनिंग गाणं गुणगुणत होती. जुवानाच्या अलीकडे म्हातारीने हात पोरीच्या मानेवर ठेवला आणि मग तो तिथेच राहिला. कास्मुरीनेही पुढे वाकून बघितलं. झरोक्यातून येणारा वारा बारीक झाला होता, मग सुस्कारा टाकल्यासारखा झाला, आणि मग काहीच नाही. ब्लोअरचा आवाज येत होता. हवा येत नव्हती. पार्जोनोने एका खाणावळीच्या अंगणात गाडी घेतली. वेनिंगच्या अंगावर गार फडकं टाकलं, हातात बर्फाचा खडा दिला आणि तिला झाडाखाली बसवलं.

कास्मुरीने झाकण उघडून दोन्ही पाइप धरले. तापलेला तापलेलाच होता. थंड तर इतका थंड, की त्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखं दव गोठलं होतं. यंत्र काम करत होतं. जिवाच्या आकांताने करत होतं. आणि आत वारा नव्हता. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तो मागे सरला आणि सहज अंगणात नजर टाकली. पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर आत एसी लावून झोपलेले. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली पाण्याचं लहानसं थारोळं होतं आणि त्यात एक कोंबडी आळीपाळीने चोच बुडवत फिरत होती. किनाऱ्याची हवा दमट. गार जाळीला लागली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि खालच्या नळीतून टपटप पडत राहतं. हा गाडीचा घाम आहे, असं कास्मुरी गिऱ्हाइकांना गमतीत सांगायचा. कोंबडी पार्जोनोच्या गाडीखाली आली, जमीन चोचीने उकरली आणि निघून गेली. तिथे धूळ होती. कोरडी ठाक.

कास्मुरी जमिनीवर आडवा झाला. नळी कोरडी होती. एवढा वेळ यंत्र चाललंय, एवढा गारवा तयार होतोय, मग पाणी गेलं कुठे? आणि झाडाखालून वेनिंगचा आवाज आला, "काय झालं, कास्मुरीकाका? हिलाही घाम येत नाही का?"

तो उठला, वेनिंगच्या सीटसमोरचा कागद ठेवायचा खण उपसून काढला, त्यामागचं झाकण सोडलं आणि आत बॅटरी मारली. मग बराच वेळ तसाच ओणवा राहिला. पार्जोनोला वाटलं याला भोवळ आली.

आत सगळं पांढरं होतं. कूलिंग कॉइलच्या बारीक पत्र्यांची जी जाळी असायला हवी तिथे बर्फाची भिंत होती, खोबऱ्याचा कीस दाबून दाबून भरावा तशी. बाहेर कोंबड्या चोच उघडून धापा टाकत होत्या आणि इथे, हातभर आत, हिवाळा दडी मारून बसला होता. कास्मुरीने आयुष्यात हजारो लाद्या ढकलल्या होत्या, पण हा बर्फ कुणी मागितला नव्हता, कुणी केला नव्हता. तो हवेतून आपला आपण आला होता. त्याला त्या क्षणी दुरुस्ती आठवेना, पार्जोनो आठवेना. त्याने फक्त हात हलवून वेनिंगला बोलावलं.

पोरीने हात आत घातला, कोपरापर्यंत. तिचे डोळे मोठे झाले.

"आमच्या गाडीत फ्रीज होता," ती म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलंच नाही."

म्बाह मागून येऊन उभी राहिली होती. तिनेही वाकून पाहिलं. कास्मुरी बोलू लागला, अर्धा तिच्याशी आणि अर्धा स्वतःशी. थंडी कमी पडली नव्हती, म्बाह. थंडी जास्त झाली होती. अति तिथं माती. जाळी इतकी गारठली की पाणी टपकायच्या ऐवजी तिथेच गोठलं, बर्फाने वाट बुजवली, वारा पलीकडे जाईना. सगळा गारवा आत कोंडला आणि पोर बाहेर तापत बसली. गाडी उभी केली की बर्फ वितळतो, वाट मोकळी होते, म्हणून माझ्याकडे येईतो सगळं ठीक. पण इतकी गारठली का? जाळीवरून वारा जोरात गेला तर गाडीतली ऊब तिच्यावर येऊन आदळत राहते आणि ती गोठत नाही. वारा पुरेसा मिळत नसेल तर...

बोलता बोलता त्याची नजर ब्लोअरच्या बटणावर गेली. तिथून लुगड्यावर आणि लाल-निळ्या चिमट्यांवर. कळलं नसतं तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

"थर्मोस्टॅट जुना झालाय," तो पार्जोनोकडे वळून घाईघाईने म्हणाला. "वेळेवर यंत्र बंद करत नाही. नवा टाकू."

हे खोटं नव्हतं. थर्मोस्टॅट खरंच मंदावला होता. पण हे पुरतं खरंही नव्हतं, आणि म्हातारी त्याच्या नजरेमागोमाग तिथवर पोचली होती. तिने एक चिमटा काढला. मग दुसरा. लुगडं हातात घेतलं.

"कास्मुरी, माझ्याकडे बघून सांग. हे मी केलं?"

जावात वडीलधाऱ्यांना तोंडावर असलं उत्तर देत नाहीत. इकडचं तिकडचं बोलतात, नशिबावर घालतात, हसून सोडून देतात. कास्मुरीच्या जिभेवर ते सगळं आलं होतं. पण बर्फाची भिंत समोर उघडी होती, आणि लुगडं म्हातारीच्या मुठीत होतं.

"हो, म्बाह," तो म्हणाला.

पार्जोनोने तोंड फिरवलं. मग म्हातारी बोलली, रडत नव्हती, पण आवाज कुठूनतरी खोलवरून येत होता.

"मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला. म्हातारीला वाऱ्याची भीती, म्हणून झाकते. अरे, तुझ्या अंगात वारा शिरला तर मी तुझी पाठ घासेन, तुला दरदरून घाम येईल आणि वारा घामाबरोबर निघून जाईल. माझ्याही जाईल. हिच्या अंगात शिरला तर निघायचा कुठनं? दारच नाही रे हिला. एकदा आत गेलेला वारा जन्मभर आतच."

कास्मुरीला यात हसण्यासारखं काहीच दिसेना. यास्मानने एका वाक्यात गारवा समजावला होता. या बाईने शाळेचं तोंड न बघता, रात्र-रात्र पोरीच्या मानेवर हात ठेवून, आपल्या परीने तितकाच सरळ विचार केला होता. फक्त जे हिशोबात धरायचं ते उलटं धरलं होतं. आणि त्या चुकीपायी ती आपली नात स्वतःच्या हाताने डोंगरावर पाठवायला निघाली होती. त्याला तिचा राग आला नाही. त्याला तिच्यासमोर उभं राहायचा संकोच वाटू लागला.

"वारा तिला थंड ठेवतो, म्बाह," तो हळू आवाजात म्हणाला. "ओल्या अंगावर वारा लागला की ऊब निघून जाते. घाम तेच करतो. तिला दार नाही, म्हणून आपण बाहेरून करायचं. बनियन ओला आणि ब्लोअर पूर्ण."

"आणि तुझं चुकलं तर?"

"माझं दोनदा चुकलंय."

म्हातारी यावर किंचित हसल्यासारखी झाली. बर्फ वितळायला वेळ लागला. सगळ्यांनी केळीच्या पानावरचा भात खाल्ला, वेनिंगने कॉइलवरून खरवडलेल्या बर्फात साखर घालायचा हट्ट केला आणि तिच्या बापाने तो मोडून काढला. निघायच्या वेळी म्बाहने मागचं दार उघडलं आणि वेनिंगला म्हणाली, न्दुक, बाळा, तू आज इथे बस. मग स्वतः पुढच्या सीटवर चढली. अंगावरची शाल काढून तिने मांडीवर ठेवली, गळ्यापर्यंत लावलेली बटणं दोन सोडली, समोरचे झरोके आपल्या छातीकडे वळवले आणि ब्लोअर शेवटपर्यंत फिरवला.

वारा सुटला तशी ती दचकली. मांडीवरच्या शालीची टोकं उडाली. तिने डोळे मिटून घेतले आणि ओठ हलू लागले. तिच्या खांद्यावरून वळसा घेऊन तो वारा मागे येत होता. वेनिंगचा ओला बनियन बघता बघता गारेगार झाला. कास्मुरीने आपला हात पोरीच्या मानेवर ठेवला, पहिल्यांदाच. मान थंड होती, कलिंगडाची फोड असते तशी. पूल आला, ट्रकांची रांग आली, ऊन काचेवर नाचत राहिलं, आणि वारा काही बारीक झाला नाही. पातीला गाडी थांबली तेव्हा पार्जोनो सगळ्यांच्या आधी उतरून खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. गाडीच्या पोटाखाली पाणी टपटपत होतं. त्याने तिथूनच वोनोसोबोला फोन लावला.

नवा थर्मोस्टॅट यायला काही दिवस लागले. तो बसवायला गाडी शेडमध्ये आली तेव्हा तिघंही बरोबर होती, शाळेतून परत जाता जाता. म्बाह पुढच्या सीटवरून उतरली. रास्मानी चहा द्यायला वाकली आणि तिला म्हातारीच्या मानेवर, सदऱ्याच्या कडेला, लाल रेघा दिसल्या. ताज्या होत्या, आणि त्यांच्याखाली जुन्याही होत्या.

"मी घासते," वेनिंगने मोठ्या रुबाबात सांगितलं. "रोज संध्याकाळी. म्बाह ओरडते, पण मी सोडत नाही. अख्खी पाठ झालीय."

कास्मुरीला वाईट वाटलं. त्याने पान्हा घेतला आणि म्बाहला समजावून सांगितलं की हे झरोके वर, छताकडे वळवून पक्के करता येतात. वारा वरून फिरेल, कुणाच्याच अंगावर थेट येणार नाही. तुम्हालाही त्रास नको.

"मग पोरीपर्यंत गारवा लवकर पोचेल की उशिरा?" म्बाहने विचारलं.

"थोडा उशिरा."

"मग राहू दे. वारा आधी माझ्यात शिरू दे. मला घाम येतो."

कास्मुरीने पान्हा खाली ठेवला.